एसीची किंमत : खोक्याची, भिंतीची आणि मीटरची

(मंडळाच्या संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषण २०२६ च्या जानेवारीतले असल्याने किमती त्या वेळच्या झाशीच्या बाजारातल्या आहेत.)



ह्या व्यासपीठावरून आजवर इतिहासावर, नाट्यसंगीतावर, संतवाङ्मयावर उत्तमोत्तम भाषणे झाली. ह्या वर्षी कार्यकर्त्यांनी माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या माणसाला उभे केले, तेव्हाच मी सांगून टाकले की मला वाङ्मयातले काही कळत नाही, विजेतले थोडेफार कळते. त्यावर चिटणीस म्हणाले, "मग विजेवरच बोला. नोव्हेंबरपासून प्रत्येक घरात एकच चर्चा आहे, गरम-थंड एसी घ्यावा का, आणि बसवायला खर्च किती येतो?" तेव्हा आजचा विषय हा असा घरगुती आहे. पण तुमच्या-माझ्या खिशातले पन्नास-साठ हजार रुपये त्यात अडकलेले आहेत, म्हणून तो लहान समजू नये.

आपल्यापैकी काहींची घराणी नेवाळकरांच्या काळापासून झाशीत आहेत, काही माझ्यासारखे बदलीवर येऊन इथलेच झाले. पण पुण्या-मुंबईचा पाहुणा मे महिन्यात आला की उन्हाने हैराण होतो आणि जानेवारीत आला की थंडीने, हे दोघांनाही सारखेच ठाऊक आहे. मेच्या अखेरीस पारा ४५ च्या वर जातो आणि जानेवारीत काही रात्री ५ च्या खाली उतरतो. एकाच घराला दोन्ही झेलावे लागते. म्हणूनच तिकडच्या नातेवाइकांना जो प्रश्न पडत नाही, तो आपल्याला पडतो.

गरम-थंड एसी म्हणजे काय?

नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, तो गरम लागतो. आतल्या भाजीची आणि दुधाची उष्णता तिथे आलेली असते. आता हीच क्रिया उलटी केली, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून खोलीत आणली, की झाला 'हॉट अँड कोल्ड' एसी. यंत्रात 'फोर वे व्हॉल्व्ह' नावाची एक झडप असते. ती गॅसच्या प्रवाहाची दिशा बदलते. रिमोटवरचे सूर्याचे चिन्ह दाबले की ही झडप फिरते, एवढेच. हेच यंत्र अमेरिकेत 'डक्टलेस हीट पंप' किंवा 'मिनी स्प्लिट' ह्या नावाने विकले जाते. कल्पना मात्र जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिन ह्यांनी ती १८५२ सालीच मांडली होती.

बाहेर सात अंश असताना तिथे उष्णता कुठली, असे कोणीही विचारेल. उष्णता असते. हवा आपल्याला गार लागते, पण एसीच्या बाहेरच्या युनिटमधला गॅस त्याहूनही गार असतो, म्हणून हवेतली उष्णता त्याच्याकडे जाते. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून गरम करतो आणि ती उष्णता खोलीत सोडली जाते.

ह्यात पैशाचा मुद्दा असा. कॉइलचा हीटर किंवा ब्लोअर एक युनिट वीज खातो आणि एकच युनिट उष्णता देतो, मग तो दीड हजाराचा असो वा पाच हजारांचा. हीट पंप एक युनिट विजेत आपल्याकडच्या थंडीत साधारण तीन युनिट उष्णता देतो. ह्यात जादू काही नाही. स्टेशनवरच्या हमालाचे उदाहरण घ्या. हमालाला आपण पेटीतल्या मालाची किंमत देत नाही, पेटी वाहून नेण्याची मजुरी देतो. हीटर माल विकत घेतो, हीट पंप फक्त हमाली देतो. बाहेर जितकी थंडी जास्त, तितका चढ उंच आणि हमाली जास्त. काश्मीरच्या थंडीत हा हिशेब बदलतो, पण झाशीत तीनाचा आकडा धरायला हरकत नाही.

आता सहकारी म्हणतील, "अहो, आपल्या एसी डब्यात हिवाळ्यात विजेचे हीटरच असतात ना?" बरोबर आहे. एलएचबी डब्याच्या छतावर जी दोन आरएमपीयू असतात, त्यांत हिवाळ्यासाठी हीटरच असतात. पण थ्री टायरच्या डब्यात ७२ बर्थ असतात. झोपलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे ७० वॉट उष्णता निघते, म्हणजे भरलेल्या डब्यात प्रवाशांचीच पाच किलोवॉटची ऊब झाली! घरात मात्र एका खोलीत एकटी आई किंवा आजोबा असतात. त्यांची खोली त्यांच्या अंगच्या ऊबेवर गरम राहत नाही.

तीन किमती

दुकानात गेल्यावर आपण एकच किंमत विचारतो, ती खोक्याची. माझे म्हणणे असे की एसीला तीन किमती असतात. पहिली खोक्याची, दुसरी भिंतीची, म्हणजे तो भिंतीवर चढवून चालू करण्याची, आणि तिसरी मीटरची, म्हणजे पुढची दहा-बारा वर्षे विजेच्या बिलातून जाणारी. जाहिरातीत पहिलीच छापतात. दुसरी बसवणारा मिस्त्री तोंडी सांगतो, तीही काम अर्धे झाल्यावर. तिसरी कोणीच सांगत नाही.

*पहिली, खोक्याची.* २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे चांगले झाले. त्यानंतर, दिवाळी झाल्यावर, आम्ही आईच्या खोलीसाठी दीड टनाचा इन्व्हर्टर, हॉट अँड कोल्ड एसी ४४,००० रुपयांना घेतला. त्याच कंपनीचा, तेवढ्याच टनाचा आणि तेवढ्याच ताऱ्यांचा फक्त थंड करणारा एसी ३८,००० ला होता. म्हणजे त्या झडपेची आणि तिच्या जोडीच्या यंत्रणेची किंमत ६,००० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

'टन' म्हणजे यंत्राचे वजन नव्हे, हेही सांगून ठेवतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, त्या दराने उष्णता उचलणारे यंत्र ते एक टनाचे. किलोवॉटमध्ये सुमारे साडेतीन. दहा बाय बाराची, मधल्या मजल्यावरची खोली असेल तर एक टन पुरतो. डोक्यावर उघडी गच्ची असेल तर झाशीच्या उन्हात दीड टन घ्यावा.

*दुसरी, भिंतीची.* आमच्याकडचा हिशेब जसाच्या तसा वाचून दाखवतो :

१. बसवण्याची मजुरी – १,५०० रु.
२. तांब्याची जादा नळी, २ मीटर (खोक्यात ३ मीटर आली, लागली ५ मीटर) – १,८०० रु.
३. बाहेरच्या युनिटचे लोखंडी स्टँड – ८०० रु.
४. भिंतीला यंत्राने भोक पाडणे – ५०० रु.
५. पाण्याच्या निचऱ्याची नळी – ३०० रु.
६. स्टॅबिलायझर – ४,००० रु.
७. मेन बोर्डापासून स्वतंत्र तार (४ चौरस मि.मी. तांब्याची, १२ मीटर), एमसीबी, सॉकेट आणि मजुरी – ४,२०० रु.
८. नवीन अर्थिंग – ३,५०० रु.

बेरीज १६,६०० रुपये. म्हणजे ४४,००० चा एसी आम्हाला ६०,६०० ला पडला. दुकानाच्या पाटीवर मात्र 'इन्स्टॉलेशन फ्री' असे ठळक लिहिलेले होते! काम सुरू झाल्यावर कळले की फुकट फक्त आतले युनिट टांगणे होते.

ह्या यादीत काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हे सांगणे माझे काम आहे. काटकसर नळीत करता येते. बाहेरचे युनिट आतल्या युनिटच्या जवळ, शक्यतो त्याच भिंतीच्या पलीकडे ठेवले, तर जादा नळी लागतच नाही, आणि नळी जितकी आखूड तितके यंत्र चांगले चालते. मात्र जवळ हवे म्हणून ते बंद बाल्कनीत किंवा कोनाड्यात कोंबू नका. त्याला मोकळी हवा लागते, नाहीतर उन्हाळ्यात ते स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत बसते.

काटकसर करू नये ती सातव्या आणि आठव्या ओळीत. आपल्या जुन्या घरांतून दिव्याच्या तारांवर सॉकेट काढलेले असतात. दोन किलोवॉटचा ब्लोअर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तोही तासन् तास. दिव्याची बारीक तार तापते, इन्सुलेशन कडक होते, सॉकेट काळे पडते. आधी जळका वास येतो आणि मग आग. घरी जाऊन आज रात्रीच पाहा, ब्लोअरचा प्लग काढल्यावर त्याच्या पिना गरम लागतात का. लागत असतील तर एसीचा विचार नंतर करा, आधी वायरमनला बोलवा. हे ७,७०० रुपये एसीच्या नावावर लिहिलेले असले, तरी ते घराच्या सुरक्षिततेचे पैसे आहेत.

आणखी एक गोष्ट फक्त गरम-थंड एसीवाल्यांसाठी. उन्हाळ्यात पाणी आतल्या युनिटमधून गळते, हे सर्वांना माहीत आहे. हिवाळ्यात गरम चालवल्यावर तेच पाणी बाहेरच्या युनिटखालून गळते. त्याची सोय मिस्त्री करत नाही, कारण त्याला सवय थंड एसीची. मग जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाळवणे भिजली म्हणून वर येतात! युनिटच्या तळाला एक छोटी कोपरी आणि नळी लावली की काम होते. खर्च शे-दोनशे रुपये. बसवतानाच लावून घ्या.

*तिसरी, मीटरची.* हीच सगळ्यात मोठी. हिशेबासाठी विजेचा दर सात रुपये युनिट धरतो. घरी गेल्यावर तुमच्या बिलातला खरा आकडा घालून पाहा.

खोली ऊबदार ठेवायला सरासरी दीड किलोवॉट उष्णता लागते आणि झाशीत खरी थंडी साठ दिवस असते, असे धरू. आता तीन घरे घ्या.

पहिले घर. संध्याकाळी जेवणाच्या वेळी तासभर ब्लोअर लावतात आणि मग रजईत शिरतात. साठ दिवसांत ९० युनिट, म्हणजे ६३० रुपये. हीट पंपाने तेच काम ३० युनिटांत, २१० रुपयांत होईल. बचत वर्षाला ४२० रुपये. सहा हजारांचा फरक भरून निघायला चौदा वर्षे लागतील. तेवढे एसीचे आयुष्यही नसते. ह्या घराने फक्त थंड एसी घ्यावा आणि ब्लोअर चालू ठेवावा.

दुसरे घर. परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत, रोज पाच तास ऊब लागते. ब्लोअरला ४५० युनिट, ३,१५० रुपये. हीट पंपाला १५० युनिट, १,०५० रुपये. बचत २,१०० रुपये. तीन हिवाळ्यांत सहा हजार वसूल.

तिसरे घर. अंथरुणाला खिळलेले आजोबा, दम्याची आजी किंवा नुकतेच बाळंतपण झालेली लेक. रात्रभर, दहा तास खोली गरम लागते. ब्लोअरला ९०० युनिट, ६,३०० रुपये. हीट पंपाला ३०० युनिट, २,१०० रुपये. बचत ४,२०० रुपये. दीड हिवाळ्यात फरक फिटला.

म्हणजे गरम-थंड एसी परवडतो की नाही, हे दुकानदाराला विचारून कळणार नाही. ते तुमच्या घरात कोण राहते ह्यावर ठरते.

ह्याच हिशेबातून दुसरी गोष्टही निघते, तीही स्पष्ट सांगतो. केवळ हिवाळ्यासाठी, म्हणजे उन्हाळ्यात तुमचे कूलरवर भागत असताना, साठ हजारांचा एसी घेणे पैशाच्या हिशेबात बसत नाही. वर्षाला दोन-चार हजार वाचवून साठ हजार कधी निघणार? उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच आहे, असे ज्याचे ठरले आहे, त्याने सहा हजार जास्त द्यावेत का, एवढाच हा प्रश्न आहे.

पैशापलीकडचा एक मुद्दा

इथे मी थोडे थांबतो. तिसऱ्या घराबद्दल मी पैशाचा हिशेब मांडला, पण खरी गोष्ट वेगळी आहे. बिल वाढते म्हणून वडीलधारी माणसे ब्लोअर लावतच नाहीत. मुलगा ड्यूटीवर गेला की बटण बंद करतात आणि दोन शाली पांघरून बसतात. किंवा कोळशाची अंगीठी पेटवून, दार-खिडक्या लावून झोपतात. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात अशा बंद खोल्यांत माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, खोकला येत नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. विझत आलेले निखारेसुद्धा तो सोडत असतात, म्हणून 'आता ज्वाळा नाही' ह्या भरवशावर राहू नये.

तेव्हा एसी घ्या अगर घेऊ नका, ब्लोअर वापरा, रबरी पिशवीत गरम पाणी भरा, पण झोपायच्या खोलीत अंगीठी ठेवू नका. आणि एसी घेतलाच तर तिसऱ्या घरातल्या माणसाला बिलाचा आकडा सांगून ठेवा. "आई, रात्रभर चालला तरी दिवसाला पस्तीस रुपये होतात," असे मी घरी सांगितले. पाच युनिट, साते पस्तीस. आकडा कळल्यावर मनातली भीती जाते आणि बटण चालू राहते. नुसते "वापर गं" म्हणून जात नाही.

तारे, लेबल आणि विक्रेता

एसीवरच्या ताऱ्यांच्या लेबलावर वर्षाला किती युनिट लागतील, हे छापलेले असते. तो आकडा १,६०० तास थंड हवेचा आहे. त्यात हिवाळ्याचा हिशेब नाही, हे ध्यानात असू द्या. तीन तारे आणि पाच तारे ह्यांच्या लेबलांवरचे आकडे शेजारी ठेवा, वजाबाकी करा, सातने गुणा. फरक २०० युनिटांचा असेल तर वर्षाला १,४०० रुपये. किमतीतला फरक सात हजार असेल तर पाच वर्षांनी निघतो, आणि तोही तुम्ही खरोखर १,६०० तास चालवलात तर. रात्री आठ तास, असे पाच महिने चालवले तर बाराशे तास होतात. दिवसरात्र चालणाऱ्या खोलीत पाच तारे घ्या, पाहुण्यांच्या खोलीला तीन तारे भरपूर झाले.

१ जानेवारी २०२६ पासून ताऱ्यांचे निकष कडक झाले आहेत. म्हणून आधीचे पाच तारे आणि आताचे पाच तारे एकच नव्हेत. गोदामातला जुना माल स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण लेबलावरचे वर्ष आणि युनिट वाचून, नुसते तारे मोजून नव्हे.

मिस्त्री आल्यावर काय पाहावे?

नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि ओलावा काढण्यासाठी 'व्हॅक्यूम पंप' लावावा लागतो. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. घाईतला मिस्त्री थोडा गॅस सोडून हवा हाकलतो आणि झाले म्हणतो. असे केले की ओलावा आत राहतो आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर कुरकुरतो. पंप आणला आहे का, हे खोके उघडण्याआधी विचारा. नसेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावे. शिवाय आजकालच्या बऱ्याच यंत्रांत आर-३२ हा गॅस असतो, तो थोडासा ज्वलनशील आहे. त्याच्याशी खेळ नको.

सांधे साबणाच्या फेसाने तपासून घ्या. बुडबुडा आला की गळती. दुसरे म्हणजे, 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' हे खरे नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर तो गळला आहे. आधी गळती शोधा, मगच भरा.

हिवाळ्यात आणखी एक गैरसमज होतो. धुक्याच्या रात्री बाहेरच्या युनिटवर बर्फासारखा थर धरतो. तो वितळवायला यंत्र आपणहून काही मिनिटे उलटे चालते. आतला पंखा थांबतो, बाहेर वाफेचा लोट निघतो. घरचे घाबरून मेकॅनिकला फोन करतात, आणि काही मेकॅनिक 'गॅस कमी आहे' म्हणून पैसे घेऊन जातात. पाच-दहा मिनिटे थांबा, पंखा पुन्हा सुरू होतो. तो बिघाड नाही.

सहकाऱ्यांसाठी दोन शब्द

क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. एक तर एसी लावण्याआधी विद्युत विभागाची लेखी परवानगी घ्या. जुन्या क्वार्टरांची वायरिंग एसी धरून केलेली नसते, हे मी रोज पाहतो. दुसरे असे की भिंतीची किंमत प्रत्येक बदलीला नव्याने द्यावी लागते. एसी उतरवणे, नेणे, चढवणे, वाकलेली नळी बदलणे, ह्यात प्रत्येक वेळी चार-पाच हजार सहज जातात. दोन बदल्यांत हॉट अँड कोल्डची सगळी बचत गेली! ज्याची बदली वर्षभरात अपेक्षित आहे, त्याने थांबावे. आणि निवृत्तीनंतर पुण्याला किंवा कोकणात जायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी तिथल्यासाठी हॉट अँड कोल्ड घेण्याचे कारण नाही.

काही प्रश्न

मघाशी चहाच्या वेळी तिघांनी तीन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे सर्वांसाठी देतो.

एक, तापमान किती ठेवावे? हिवाळ्यात २० किंवा २१. तीस लावले म्हणून खोली लवकर गरम होत नाही, फक्त वीज जास्त जाते. गरम हवा वर जाते, म्हणून पट्ट्या खाली वळवा आणि दाराखालच्या फटीला पायपुसणे लावा. दहा रुपयांची ही पट्टी शंभर युनिटांचे काम करते म्हटले तरी चालेल! उन्हाळ्यात २४ ते २६ ठेवून पंखा हळू लावा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतात, ते उगाच नव्हे.

दोन, विजेचा मंजूर भार वाढवावा लागतो का? बिलावर पाहा. दोन किलोवॉट असेल आणि घरात गीझर, पाण्याची मोटर व एसी असेल, तर वाढवावा. आपल्याकडे स्थिर आकार प्रत्येक किलोवॉटमागे दरमहा लागतो, म्हणजे हा खर्च एकदाचा नाही. पण वापर मंजूर भाराच्या वर गेला तर बिलात त्याचा भुर्दंड येतो, तोही टाळायला हवा.

तीन, अमेरिकेत हेच यंत्र बसवायला इतके पैसे का लागतात? माझी मामेबहीण बॉस्टनजवळ राहते, तिला हाच प्रश्न पडला होता. तिकडे एका खोलीचे अंदाजपत्रकसुद्धा हजारो डॉलरचे येते, कारण परवानाधारक कारागिरांची मजुरी मोठी. खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलरपर्यंत केंद्र सरकारची करसवलत होती, तीही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. पण तिच्याकडे थंडी महिनोन् महिने असते, त्यामुळे बचतही मोठी. आपल्याकडे खोके महाग आणि मजुरी स्वस्त, तिकडे उलट. हिशेब मात्र त्याच तीन किमतींचा.

समारोप

मंडळी, सगळ्याचे सार एवढेच. दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा : खोके किती, भिंत किती, मीटर किती. भिंतीचा आकडा मिस्त्रीकडून आधी लेखी घ्या. मीटरचा आकडा स्वतः काढा, त्याला गुणाकारापलीकडे काही लागत नाही. आणि कागदाच्या माथ्यावर लिहा, ही खोली कोणासाठी. तासाभराच्या ऊबेसाठी असेल तर सहा हजार वाचवा. रात्रभर कोणा म्हाताऱ्या माणसासाठी असेल तर ते सहा हजार खुशाल द्या.

ज्यांना घरची वायरिंग एकदा दाखवून घ्यायची असेल, त्यांनी रविवारी सकाळी मला मंडळात भेटावे. टेस्टर आणि क्लॅम्प मीटर घेऊन येईन. त्याचे शुल्क एक कप चहा.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मिस्त्रीशी मात्र आधीच स्पष्ट बोला!

– सीनियर सेक्शन इंजिनिअर (विद्युत), झाशी